बर्फ फक्त आक्कांसाठी

नानांनी दुकानात जाऊन फ्रिज मोजला होता. स्वयंपाकघरातला कोपरा मोजला होता. फ्रिजच्या मागे हवा खेळायला किती फट लागेल, तीही मोजली होती. मोजायचं राहिलं होतं ते फक्त स्वयंपाकघराचं दार.

पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्या माणसाच्या हातून हे व्हावं, याला काय म्हणायचं? हमालांनी फ्रिज दारात उभा लावून पाहिला, आडवा लावून पाहिला, तिरका करून पाहिला. शेवटी त्यांच्यातल्या म्होरक्याने कपाळ पुसत विचारलं, "साहेब, दार काढायचं की भिंत?"

नानांनी टेप काढून दार मोजलं. मग पुन्हा मोजलं. मघापासून ते थोडंफार रुंद झालं असेल, अशी त्यांना आशा असावी.

"राहू दे इथंच," बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरून आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज म्हणजे आता नुसती हवा उरली होती. ऐकायचं तर वाकावं लागे. "फक्त उशाशी नको उभा करू. पायाशी ठेव. उशाशी कुणी येऊन उभं राहिलं, की मी समजेन बोलावणं आलं."

हमाल हसले. नाना हसले नाहीत.

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या लग्नात रुसून बसण्यापर्यंत आईची सगळी कामं आक्कांनीच केली होती. पुढे त्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मारामारी करणारी पोरं त्यांच्या एका हाकेसरशी पुतळ्यासारखी उभी राहायची. त्याच घशाला कॅन्सर झाला. जेवढे उपचार करता येण्याजोगे होते तेवढे झाले, आणि मग एक दिवस डॉक्टरांनी नानांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "आता त्यांना जे बरं वाटेल ते द्या."

आक्कांना बरं वाटत होतं ते एकाच गोष्टीने. बर्फाने. घास उतरत नव्हता, पाण्याच्या घोटाने ठसका लागायचा. पण बर्फाचा बारीक तुकडा जिभेवर ठेवला, की डोळे मिटून त्या थोडा वेळ अगदी निवांत पडायच्या. ट्रेमधला बर्फ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडला तर त्याला धार यायची, आणि तोंडात आधीच सगळीकडे फोड. म्हणून हा फ्रिज. याच्या पोटात बर्फ पाडणारं यंत्र होतं. नळी एकदा नळाला जोडली, की ते आपलं आपण पाणी ओढून घ्यायचं आणि नखाएवढे, कडा गोल असलेले तुकडे खालच्या डब्यात पाडायचं.

'जे बरं वाटेल ते' यात नानांना करता येण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती. ती त्यांनी खात्यातल्या रीतीने अंगावर घेतली. म्हणजे आधी फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला: 'बर्फ फक्त आक्कांसाठी. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. घरात माणसं तीन; त्यातल्या एकीसाठी बर्फ होता आणि एकाने कागद लिहिला होता. उरली बायको. तिला हा कागद वाचायची गरजच नव्हती, कारण तिने आधीच मनाशी नेम धरला होता, की आक्कांना आराम पडेपर्यंत आपण गार पाणी तोंडाला लावायचं नाही. नेमाबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. बोलून दाखवलेल्या नेमातला अर्धा देवापर्यंत पोचत नाही, असं तिचं मत होतं.

पहिले दिवस फार चांगले गेले. थोड्या थोड्या वेळाने फ्रिजच्या पोटात खडखड व्हायची, नाना लगबगीने उठायचे, वाटी भरून आणायचे. आक्का एकामागून एक तुकडा घ्यायच्या. एकदा त्यांनी नानांनाही एक दिला. नानांनी कडकन चावला.

"चावतोस काय?" आक्का म्हणाल्या. "बर्फ जिभेवर ठेवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं तुला जमणार नाही. निदान ठेवून तरी बघ."

आणि मग यंत्र गोठायला लागलं.

एका सकाळी खडखड झाली नाही. नानांनी डबा ओढला, तो येईना. जोर लावून ओढला तेव्हा तो अचानक आला आणि नाना आक्कांच्या पायाशी बसते झाले. डब्यात तुकडे नव्हतेच. सगळे एकमेकांना बिलगून त्यांची एक वीट झाली होती, आणि वीट वर यंत्राला जाऊन चिकटली होती. नानांनी ती मोरीत नेऊन टाकली, डबा पुसला, परत लावला. दोन दिवस बरे गेले. पुन्हा वीट. मग एक दिवस बरा गेला. पुन्हा वीट.

नानांचा सिद्धांत असा होता, की या जगात जे जे बिघडतं ते देखरेख कमी पडल्यामुळे. त्यांनी देखरेख वाढवली. दर तासाला खुर्चीवरून उठायचं, चष्मा लावायचा, बर्फाच्या कप्प्याचं दार उघडायचं, आत बॅटरी मारायची, 'हं' म्हणायचं आणि दार लावायचं. पुढे पुढे तासही त्यांना फार वाटू लागला.

"अहो, सारखं उघडू नका," बायको हळूच म्हणाली.

"मीटरकडे न बघता रीडिंग घेणारी माणसं मी पाहिली आहेत," नाना म्हणाले. "त्यांची काय गत झाली, तेही पाहिलंय."

बायको आत निघून गेली. नेमाच्या दिवसांत वाद घालायचा नाही, हा पोटनेम होता.

वरच्या मजल्यावर अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, आणि दुसऱ्याच्या यंत्राबद्दल माणसाला जो आत्मविश्वास असतो तो घेऊन ते खाली आले. त्यांनी फ्रिजला तीन बाजूंनी न्याहाळलं. चौथी बाजू भिंतीला होती.

"याला थर्मल शॉक द्या," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आमच्या हिचा केस वाळवायचा ड्रायर आहे. गरम हवा सोडा आत. आतली कोंडी फुटली पाहिजे. बाजारात मंदी आली की सरकार काय करतं?"

सरकार काय करतं ते नानांना माहीत नव्हतं, पण त्यांनी ड्रायर घेतला. गरम हवेने बर्फ वितळला, हे कबूल केलं पाहिजे. तो मनापासून वितळला, कप्प्यातून खाली आला आणि फरशीवरून वाट काढत विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत जाऊन पोचला. फट् असा आवाज झाला. घरातली वीज गेली. जिन्यातली गेली. आणि त्याच वेळी, नानांनी फ्रिजसाठी नळी परवानगी न घेता भिंतीवरून कशी नेली, हे विचारायला वर येत असलेले सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टसकट दोन मजल्यांच्या मध्ये अडकले.

"कोणी केलं हे?" अंधारातून सेक्रेटरींचा आवाज आला.

"शोध घेतोय!" नाना जिन्यातून ओरडले. हातात ड्रायर होता. तो त्यांनी पाठीमागे लपवला. खरं तर लिफ्टमधून काही दिसत नव्हतं.

सेक्रेटरी बाहेर निघाले तेव्हा त्यांच्या शर्टाचा रंग बदललेला होता. त्यांनी नळीचा विषय त्या दिवसापुरता सोडला आणि 'लेखी कळवू' एवढंच म्हणून ते जिन्याने गेले. लिफ्टने ते पुढे बरेच दिवस गेले नाहीत.

आता कंपनीला फोन करणं आलं. इथे एक अडचण होती. फ्रिज आक्कांच्या नावावर होता. आक्कांनी आयुष्यात स्वतःच्या नावावर काही घेतलं नव्हतं. एक तरी वस्तू असावी, असं दुकानात उभ्या उभ्या नानांच्या मनात आलं होतं. ही भावना कंपनीला कळवायची सोय फोनवरच्या पर्यायांमध्ये नव्हती.

"सर, ज्यांच्या नावे नोंदणी आहे त्यांनीच तक्रार द्यावी लागते," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "मॅडमना फोन देता का?"

"त्यांना बोलता येत नाही."

"काही हरकत नाही सर. फक्त नाव आणि जन्मतारीख सांगू देत."

नानांनी फोन आक्कांच्या ओठांशी धरला. आक्कांनी मान उचलली, छातीतली होती नव्हती ती सगळी हवा गोळा केली आणि नाव सांगितलं.

"मॅडम, आवाज येत नाहीये. जरा मोठ्याने बोलता का?"

आक्कांनी पुन्हा सांगितलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. बायकोने तोंड फिरवलं.

"मॅडम, तुम्ही बाहेर असाल तर प्लीज शांत जागी जाऊन बोलता का?"

"जाणारच आहे म्हणावं," आक्का पुटपुटल्या आणि उशीवर मान टाकली.

नानांनी फोनवर हात ठेवून बायकोला खूण केली. "तू बोल. आक्का म्हणून."

"मी खोटं बोलणार नाही."

"अगं, आक्कासाठी!"

"त्यांच्यासाठीच. खोटं बोलून वर देवाकडे कुठल्या तोंडाने मागू?"

पुढे जे झालं ते बायकोने कुणालाही सांगू नये, अशी नानांनी तिला शपथ घातली होती. त्यांनी खिडकीकडे पाठ केली, घसा आवळला आणि बारीक, किनऱ्या आवाजात आक्कांचं नाव, जन्मतारीख आणि तक्रार सांगितली. "डब्यातला बर्फ सारखा गोठतोय हो," असंही म्हणाले. हा 'हो' त्यांचा स्वतःचा.

"थँक यू मॅडम. आता तुमचा आवाज अगदी स्पष्ट येतोय."

मागे खाट हलत होती. नानांनी वळून पाहिलं, तर आक्का तोंडावर पदर दाबून हसत होत्या. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग हसण्याचा ठसका झाला, ठसक्याची उबळ झाली, आणि पदरावर लाल ठिपके उमटले. बायकोने तो पदर झटकन मुठीत धरला. नानांनी पाहिलं नाही असं केलं आणि फ्रिजचं दार उघडून आत बॅटरी मारली.

यथावकाश मेकॅनिक आला. त्याने यंत्राचा एक भाग बदलला. तोच बिघडला होता का, असं नानांनी विचारलं, तेव्हा "बदललाय आता" एवढंच उत्तर मिळालं. मग सही करायला मॅडम कुठे आहेत, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. खाटेवरच्या आक्का त्याला दिसल्या असाव्यात, कारण कागद त्याने मुकाट्याने नानांपुढे धरला. जाताना म्हणाला, "उद्यापर्यंत दार उघडू नका."

"मग चालू आहे हे कळणार कसं?"

"चालू असलं की कळतं."

इतकं बेजबाबदार विधान नानांनी सबंध नोकरीत ऐकलं नव्हतं. लिफ्ट खाली जायच्या आत त्यांनी दार उघडलं. नुसतं बोटभर. बघण्यापुरतं.

चार दिवसांनी पुन्हा वीट. यावेळी ती डब्यातून सुटेच ना. दुपारची वेळ होती. नाना फरशीवर फतकल मारून बसले होते, मांडीत डबा, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि ते त्या बर्फावर घाव घालत होते. तुकडे उडत होते. एक घाव चुकून अंगठ्यावर बसला. नानांनी अंगठा तोंडात घातला आणि कंपनीला, मेकॅनिकला, प्राध्यापकांना आणि अर्थशास्त्राला एका दमात शिव्या घातल्या.

खाटेवरून चमचा वाटीवर वाजला. हाक मारता येत नसल्यामुळे आक्कांची ती घंटा होती.

"इकडे ये. बस."

"आधी हे सोडवतो, मग..."

"बस म्हटलं ना."

आवाज नव्हता, पण हाक तीच होती, मैदानापलीकडची. नाना डबा घेऊन खाटेच्या कडेला बसले आणि वाकले.

"फ्रिज आणला तेव्हा गोठत होता?"

"नाही."

"तेव्हा मी बर्फ किती खायचे?"

"वाट्याच्या वाट्या."

"आणि आता?"

नानांनी उशाजवळच्या वाटीकडे पाहिलं. सकाळी त्यांनीच भरून ठेवली होती. तिच्यात आता काठोकाठ पाणी होतं.

"यंत्र तेच आहे रे," आक्का म्हणाल्या. मध्ये दम घेतला. "ते पाडायचं तेवढं पाडतंय. मी कमी झालेय. खाली साचतं. वर तू घटकेघटकेला दार उघडून त्याला गरम वारा दाखवतोस. वितळतं, परत गोठतं, एकमेकांना धरून बसतं. उचलणारं कुणी नसलं, तर बिचारं काय करील?"

"तू दिवसभर हेच बघत होतीस?"

"तूच पायाशी आणून ठेवलास. दुसरं काय बघू? परवा तुम्ही दोघं माझे रिपोर्ट आणायला गेलात, तेव्हा वरची प्राध्यापकीण बसली होती माझ्यापाशी. तिला ना तुझ्या हुकमाचं भय, ना बॅटरीची सवय. ग्लासावर ग्लास बर्फाचं पाणी प्यायली. दिवसभर कसा छान खडखडत होता."

नानांनी मांडीवरचा डबा फिरवून पाहिला. मग अगदी खात्यातल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे बिघाड यंत्रात नाही."

"नाही. बिघाड इकडे आहे. आणि त्याला मेकॅनिक नाही." आक्कांनी त्यांच्या अंगठ्यावरचं रक्त पदराने पुसलं, लहानपणी पुसायच्या तसंच, जरा जास्तच जोर लावून. "तू गेले किती दिवस त्या डब्यात डोकं घालून बसलायस. थोडा वेळ माझ्याकडे बघ की. मीसुद्धा आहे अजून."

नानांनी पाहिलं. खरं म्हणजे त्या महिन्यात पहिल्यांदाच पाहिलं. खाटेवर फारच थोड्या आक्का उरल्या होत्या. ते उठले नाहीत. स्क्रूड्रायव्हर हातातून खाली पडला, तोही उचलला नाही.

थोड्या वेळाने चमचा पुन्हा वाजला. "तो कागद काढ दारावरचा. आणि अगं ए, तू पण ये इकडे." बायको दारातून पुढे आली. "तू गार पाणी सोडलंयस ना माझ्यासाठी?"

बायको चपापली. "कुणी सांगितलं?"

"माठातलं सोडून बादलीतलं पितेस, दिसत नाही मला? तुझ्या कोमट पाण्याचं देवाने करायचं काय?"

"नेम मोडू कसा, आक्का?" तिचे डोळे भरून आले.

"मोडू नकोस. बदल. पहिला तुकडा मला, दुसरा तुला. रोज. न चुकता. हा त्याच्याहून अवघड आहे."

तो खरोखरच अवघड होता. आक्कांच्या जिभेवर तुकडा ठेवून, तो विरेपर्यंत थांबून, मग दुसरा स्वतःच्या तोंडात घालताना बायकोचा हात रोज ओठांशी येऊन अडायचा. पण नेम म्हणजे नेम.

त्या दिवसापासून घरी जो येईल त्याला बर्फाचं पाणी, असा आक्कांचा हुकूम सुटला. या हुकमाला कागद लागला नाही. प्राध्यापक आले, दोन ग्लास प्यायले आणि म्हणाले, "थर्मल शॉकचा परिणाम असा उशिराच दिसतो." सेक्रेटरी नळीबद्दल लेखी घेऊन आले. ते जिन्याने आल्यामुळे घामाघूम झाले होते. ग्लास रिकामा होईपर्यंत त्यांनी पत्र खिशातून काढलं नाही, आणि मग काढायचं राहूनच गेलं. लोक यायला लागले. खाटेभोवती खुर्च्या आल्या. कुणी भांडण सांगायचं, कुणी लग्न जमत नाही म्हणून रडायचं. आक्का ऐकायच्या, मध्येच एखादा शब्द टाकायच्या, आणि तो ऐकायला सगळे एकदम वाकायचे. फ्रिज खडखडत राहिला. वीट पुन्हा झाली नाही. नाना आक्कांच्या उशाशी खुर्ची घेऊन बसत.

"उशाशी बसलास?" आक्का म्हणायच्या.

"मी आहे. दुसरं कुणी नाही," नाना म्हणायचे.

हे फार दिवस चाललं नाही. आधी वाटीतले तुकडे दोन झाले, मग एक. शेवटी तुकडा नुसता ओठांवरून फिरवायचा, एवढंच राहिलं. एका सकाळी बायकोने तो फिरवला, आणि पाणी ओघळून उशीवर गेलं.

भेटायला आलेल्या माणसांनाही बर्फाचंच पाणी दिलं गेलं. घरात दुसरं काही सुचायला कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मग माणसं कमी झाली. खुर्च्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या. खाट उभी करून भिंतीला लावली. समोर फ्रिज तेवढा उरला. पायाशी ठेवलेला, पण आता कुणाच्याच पायाशी नाही.

अशाच एका दुपारी फोन वाजला.

"नमस्कार, फ्रिजच्या दुरुस्तीबद्दल तुमचा अभिप्राय हवा होता. मॅडमशी बोलता येईल का?"

नानांनी तोंड उघडलं. काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी घसा आवळला, तो किनरा आवाज काढायला गेले. आवाज फुटेना. नुसती हवा आली.

"मॅडम? मॅडम, आवाज येत नाहीये. जरा मोठ्याने बोलता का? आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

नाना फोन कानाला लावून तसेच उभे. बायकोने पुढे होऊन फोन त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला.

"त्या समाधानी होत्या," ती म्हणाली. विचार करून आणखी म्हणाली, "त्यांनी स्वतः सांगितलं नाही. पण होत्या."

"थँक यू मॅडम. तुमचा दिवस आनंदात जावो."

फोन बंद झाला. नाना खुर्चीत बसले. खोलीत काहीच आवाज नव्हता. मग फ्रिजच्या पोटात खडखड झाली. नानांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले, अंग अर्धवट उठलं, आणि तिथेच थांबलं. ते परत खाली बसले. दार उघडायला गेले नाहीत.

बायको गेली. वाटी घेऊन आली. वाटीत दोनच तुकडे होते.

"घ्या," ती म्हणाली. "नाहीतर परत साचेल."

पहिला तुकडा हातात धरून ती नेमाप्रमाणे क्षणभर थांबली. मग तो तिने नानांना दिला. नानांनी तो जिभेवर ठेवला. चावला नाही. डोळे मिटून, तो पूर्ण विरेपर्यंत, ते गप्प बसले.